फुकट, मोफत आणि मोकळे : जुन्या ध्वनिमुद्रिका जालावर ऐकताना

दोन वर्षांपूर्वी मिरजेतल्या एका वाचनालयाच्या कार्यकारिणीने मला बोलावून घेतले. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ज्येष्ठ सभासदांसाठी श्रवणसत्र सुरू करायचे, असा त्यांचा ठराव झाला होता. जुने नाट्यसंगीत, ख्याल, थोडी भावगीते. वाचनालयाकडे ग्रामोफोन नव्हता, तबकड्या नव्हत्या आणि या कामासाठी निधीही नव्हता. एक लॅपटॉप, दोन स्पीकर आणि इंटरनेटची जोडणी, एवढेच साहित्य. "तुम्ही या विषयातले. जालावर फुकटात काय काय ऐकायला मिळतं, त्याची एक यादी करून द्या," असे चिटणीस म्हणाले. बैठक उठता उठता कार्यकारिणीतले एक निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे गुरुजी म्हणतात, ते म्हणाले, "यादी कराच. पण ते कायदेशीर असलं पाहिजे. नाहीतर पुस्तक घेऊन पसार होणाऱ्या सभासदाला आपण कोणत्या तोंडानं दंड करायचा?"

पंधरा दिवसांचे काम आहे असे मला वाटले होते. त्याला दीड वर्ष लागले. का लागले, हाच या लेखाचा विषय आहे.

माझ्याविषयी दोन वाक्ये सांगायला हवीत. माझे संगीताचे किंवा कायद्याचे पदवीशिक्षण झालेले नाही. बावीस वर्षे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचे दुकान चालवले. गिऱ्हाइकांनी 'असू दे तुमच्याकडे' म्हणून टाकलेल्या लाखेच्या तबकड्यांमुळे या अभ्यासाला लागलो. कायद्याची कलमे मी मूळ अधिनियम समोर ठेवून वाचली आहेत, पण हा लेख म्हणजे वकिलाचा सल्ला नव्हे.

तीन शब्द

पैसे न देता मिळणाऱ्या गोष्टीला आपण फुकट म्हणतो, मोफत म्हणतो, मोकळी म्हणतो आणि हे शब्द बिनदिक्कत एकमेकांच्या जागी वापरतो. यादी करताना मला ते वेगळे करावे लागले. ऐकणारा पैसे देत नाही, पण दुसरे कोणी तरी देते किंवा कोणाचे तरी बुडते, ते फुकट. ज्याच्याकडे हक्क आहे त्याने आपण होऊन परवानगी दिली आहे, ते मोफत. आणि ज्यावर आता कोणाचाच हक्क उरलेला नाही, जे कायद्याने सर्वांचे झाले आहे, ते मोकळे. पहिल्या दोन्हींत देणारा कधीही हात आखडता घेऊ शकतो. तिसऱ्यात देणाराच नसतो.

जुन्या संगीताविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात हा भेद जवळजवळ दिसत नाही. 'सगळे आता एका बोटावर आले आहे' हे वाक्य गेल्या काही वर्षांत किती स्मरणलेखांत वाचले, याची मोजदाद नाही. मीही ते लिहिले आहे. ते वाक्य किती अपुरे आहे, हे वाचनालयाच्या यादीने मला शिकवले.

फुकट

सुरुवात अर्थातच मोबाइलमधल्या अ‍ॅपपासून झाली. स्पॉटिफाय भारतात २०१९च्या फेब्रुवारीत आले. त्याआधीपासून देशी सेवा होत्याच. जाहिराती ऐकायची तयारी असेल, तर यातल्या काहींवर पैसे न भरता ऐकता येते. ते कायदेशीरही आहे, कारण कंपन्यांनी ध्वनिमुद्रणांच्या मालकांशी करार केलेले असतात. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, मास्टर दीनानाथ, अब्दुल करीम खाँ, सगळे तेथे भेटतात. मग अडचण काय?

पहिली अडचण वाचनालयाची. या सेवांच्या अटींमध्ये वापर वैयक्तिक आणि बिगरव्यापारी असावा, असे म्हटलेले असते. तीस माणसे एका दालनात बसून ऐकतात, तो वैयक्तिक वापर होत नाही. गंमत अशी की, आपला कायदा याबाबत उदार आहे. कॉपीराइट अधिनियम, १९५७च्या कलम ५२मध्ये कोणत्या गोष्टींनी हक्कभंग होत नाही, त्याची यादी आहे. नफ्यासाठी न चालणाऱ्या क्लबने किंवा तशा संस्थेने आपल्या उपक्रमाचा भाग म्हणून ध्वनिमुद्रण ऐकवणे त्या यादीत येते. म्हणजे सभासदाने विकत घेतलेली सीडी वाचनालयाने लावली तर कायदा आड येत नाही. तेच गाणे अ‍ॅपवरून लावले तर आपण 'मान्य' हे बटण दाबून स्वीकारलेला करार आड येतो. कायद्याने दिलेली सवलत आपण करारात सोडून देतो आणि ती सोडली हे आपल्याला कळतही नाही.

दुसरी अडचण पैशाची. मी ऐकतो ते जुने नाट्यपद, त्याच्या जाहिरातीचे चार पैसे कोणाला मिळतात? स्पॉटिफायने २०२४पासून असा नियम केला की, मागील बारा महिन्यांत किमान एक हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणाला स्वामित्वधनाच्या वाटपात धरायचे नाही. चित्रपटगीताला हजार ही संख्या किरकोळ आहे. विस्मरणात गेलेल्या गायिकेच्या ख्यालाच्या तबकडीला ती वर्षभरात गाठता येईलच असे नाही. अशा तबकडीचा एकनिष्ठ श्रोता ती दहादा ऐकेल, आपण कलेला आधार दिला असे समजेल आणि त्याच्या ऐकण्याचा एक पैसाही त्या गाण्याच्या वाट्याला जाणार नाही.

तिसरी अडचण मला सर्वांत गंभीर वाटते. ती सालाची आहे. या सेवांवर गाण्याखाली जे वर्ष दिसते, ते तबकडी निघाल्याचे वर्ष असेलच असे नाही. बऱ्याचदा ते नंतरच्या कॅसेटच्या किंवा सीडीच्या संकलनाचे असते, नाहीतर फाइल चढवली गेली त्या वर्षाचे. १९३०च्या दशकातल्या आवाजाखाली दोन हजारनंतरचे साल पाहून प्रथम हसू येते. यावरच कॉपीराइटची मुदत मोजली जाते हे लक्षात आले की हसू मावळते. गीतकाराचे आणि संगीतकाराचे नाव असलेच तर अर्धवट असते. नाटकाचे नाव क्वचित असते. साथीदारांचे तर जवळजवळ कधीच नसते.

मोफत

यादीचा दुसरा भाग परवानगीने मोफत मिळणाऱ्या संगीताचा. यात सर्वांत मोठे नाव आकाशवाणीचे. अभिजात संगीतासाठी वाहिलेली 'रागम' ही चोवीस तासांची वाहिनी २६ जानेवारी २०१६ला सुरू झाली. ती जालावरून ऐकता येते. प्रसारभारतीच्या अर्काइव्हने आपल्या संग्रहातल्या अनेक मैफली यूट्यूबवर खुल्या केल्या आहेत. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये गोव्यातल्या चित्रपट महोत्सवात 'वेव्ह्ज' नावाचा मंचही सुरू झाला. ज्येष्ठांना मी आजही पहिला सल्ला 'रागम' लावण्याचा देतो. त्यात शोधावे लागत नाही, निवेदक कलाकाराचे आणि रागाचे नाव सांगतो. मात्र आपल्याला हवे ते, हवे तेव्हा मिळत नाही. रेडिओचा तो धर्मच आहे.

ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी स्वतःच्या अधिकृत वाहिन्यांवर टाकलेले संगीत याच भागात येते. एखादी चित्रफीत अधिकृत आहे की कोणी परस्पर चढवली आहे, हे ओळखण्याची साधी रीत म्हणजे ती कोणी चढवली ते नाव पाहणे. आपल्या कपाटातली कॅसेट मोठ्या प्रेमाने चढवणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण १९७५च्या ध्वनिमुद्रणावर त्याचा हक्क नसतो.

परवानगी मात्र देणाऱ्याच्या मर्जीवर आणि प्रकृतीवर अवलंबून असते. 'विंक' हे अनेकांच्या फोनमध्ये असलेले अ‍ॅप २०२४मध्ये बंद करण्यात आले. त्यात वर्षानुवर्षे जमवलेल्या याद्यांचे मोल त्या लावणाऱ्यालाच ठाऊक. कपाटातली तबकडी कंपनी बुडाली म्हणून नाहीशी होत नाही.

परवानगीचे रूपांतर मोकळिकीत कसे होते, याचे एक चांगले उदाहरण अमेरिकेत आहे. तेथील लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११मध्ये 'नॅशनल ज्यूकबॉक्स' हा संग्रह सुरू केला. त्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतली हजारो ध्वनिमुद्रणे आहेत. सुरुवातीला ती हक्कधारक कंपनीच्या परवानगीने केवळ ऐकता येत, उतरवून घेता येत नसत. २०१८च्या नव्या कायद्यानुसार १९२३पूर्वी प्रसिद्ध झालेली सगळी ध्वनिमुद्रणे १ जानेवारी २०२२ला मोकळी झाली. मग त्या काळातली गाणी उतरवूनही घेता येऊ लागली. संग्रह तोच, आवाज तोच. फक्त आता कोणाला विचारायचे कारण उरले नाही.

मोकळे

आता आपल्या कायद्याकडे येतो. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट ते प्रसिद्ध झाले त्या वर्षाच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे टिकतो. म्हणजे २०२५मध्ये १९६४ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणे मोकळी होती आणि १ जानेवारी २०२६ ही १९६५च्या ध्वनिमुद्रणांची मोकळी होण्याची तारीख. लाखेच्या तबकड्यांचा जवळजवळ सारा काळ यात आला.

ही मुदत पूर्वी पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१मध्ये गेले. त्यांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ अखेर संपणार होता. तो संपू नये या खटपटीतून १९९२ची दुरुस्ती झाली आणि मुदत साठ वर्षांची झाली. तिचा फटका ध्वनिमुद्रिकांनाही बसला. १९४०पर्यंतच्या तबकड्या तोवर मोकळ्या झालेल्या होत्या. १९४१च्या तबकड्या १९९२च्या जानेवारीत व्हायच्या, त्या २००२च्या जानेवारीत झाल्या. मधली दहा वर्षे काहीच मोकळे झाले नाही. बंगालमधल्या एका महाकवीच्या मृत्यूचे साल मराठी रंगभूमीच्या तबकड्यांना असे लागू पडले.

पण एका तबकडीला कुलपे तीन असतात. ध्वनिमुद्रण हे एक. शब्द हे दुसरे. चाल हे तिसरे. शब्द आणि चाल यांवरचा हक्क त्या त्या कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. 'संगीत मानापमान'मधल्या एखाद्या पदाची १९३५मध्ये निघालेली तबकडी कल्पनेने समोर धरू. ध्वनिमुद्रण मोकळे झाले १ जानेवारी १९८६ला. शब्द कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे. ते १९४८मध्ये गेले, म्हणून शब्द मोकळे झाले २००९च्या प्रारंभी. चाल गोविंदराव टेंब्यांची. ते १९५५मध्ये गेले, म्हणून चाल मोकळी झाली २०१६च्या प्रारंभी. तिसरे कुलूप निघायला पहिल्यानंतर तीस वर्षे लागली. 'स्वयंवर'च्या बाबतीत शब्द खाडिलकरांचेच, पण चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२मध्येच गेले होते. तेथे शेवटचे कुलूप शब्दांचे. 'सौभद्र'चा प्रश्नच नाही. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५मध्ये गेले.

याउलट 'कुलवधू' १९४२चे. त्यातल्या पदांच्या त्या काळातल्या तबकड्या ध्वनिमुद्रण म्हणून केव्हाच मोकळ्या झाल्या आहेत. मास्टर कृष्णराव १९७४मध्ये गेले, म्हणून चालींवरचा हक्क २०३४ अखेरपर्यंत आहे. गीतरामायणाचे पाहा. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६मध्ये ते प्रसारित झाले. माडगूळकर १९७७मध्ये गेले आणि सुधीर फडके २००२मध्ये. म्हणून शब्द २०३७ अखेरपर्यंत आणि चाली २०६२ अखेरपर्यंत हक्काखाली आहेत. 'इतके जुने आहे, आता कोणाचे असणार?' हा आपला आवडता युक्तिवाद येथे कोसळतो. किती जुने, एवढ्याने भागत नाही. काय जुने, हेही विचारावे लागते.

शिवाय कुलपे देशागणिक बदलतात. अमेरिकेच्या २०१८च्या कायद्याने १९२३ ते १९४६ या काळातल्या ध्वनिमुद्रणांना शंभर वर्षांची मुदत दिली. आपल्या कल्पनेतली १९३५ची तबकडी मिरजेत चाळीस वर्षांपूर्वी मोकळी झाली. न्यू जर्सीतल्या मराठी घरात ती मोकळी व्हायला २०३६ उजाडेल. दिवाळीत भाचीला दुवा पाठवण्यापूर्वी हा विचार कोणी करत नाही, पण अमेरिकेत साठवणघर असलेल्या संस्थांना करावा लागतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनेट अर्काइव्हने जगभरातल्या लाखेच्या तबकड्या अंकीय रूपात आणण्याचा 'ग्रेट ७८' प्रकल्प चालवला. २०२३मध्ये मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी त्यावर दावा लावला. पहिल्या यादीत २७४९ ध्वनिमुद्रणे होती. २०२५मध्ये तडजोड झाली, तिच्या अटी जाहीर झाल्या नाहीत. त्या साठ्यात भारतीय तबकड्याही आहेत. मला तो साठा प्रिय आहे. तरी वाचनालयासाठी मी त्यातली तीच गाणी घेतली, ज्यांची तिन्ही कुलपे भारतात निघाल्याचे मला दाखवता येत होते.

तारीख कोठे आहे?

'दाखवता येत होते' हे शब्द मी सहज वापरलेले नाहीत. त्यामागे एक फजिती आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या संग्रहातली एक तबकडी मी स्वतः वाजवून, स्वतः ध्वनिमुद्रित करून एका मोठ्या मंचावर चढवली. गायिका फारशी नामांकित नव्हती. मुद्रण विजेवरच्या पद्धतीचे, आवाजाचा पोत १९३०च्या आसपासचा, असे माझ्या कानांनी सांगितले. महिन्याभरात एका कंपनीचा दावा आला की, हे ध्वनिमुद्रण तिच्या मालकीचे आहे. मी हरकत घेतली. उत्तरादाखल विचारणा झाली : हे केव्हा प्रसिद्ध झाले, पुरावा द्या. माझ्याजवळ पुरावा नव्हता. तबकडीच्या मधल्या कागदावर साल छापलेले नव्हते, तसे ते त्या काळात सहसा छापत नसत. 'आवाजावरून कळते' असे लिहून भागणार नव्हते. मी चित्रफीत काढून टाकली. माझे म्हणणे बरोबर होते आणि तरीही मी हरलो. वाद अजून पुरता मिटलेला नाही, म्हणून तबकडीचे नाव येथे देत नाही.

या प्रसंगाने मला माझ्याच जुन्या लेखांकडे पाहायला लावले. अठरा लेख होते. त्यांत 'एका जुन्या तबकडीत', 'त्या काळात गाजलेल्या', 'ऐन उमेदीतल्या आवाजात' असे शब्दप्रयोग पानोपानी होते. तबकडीचा क्रमांक तीन लेखांत होता, साल एकाही लेखात नव्हते. आस्वादाचा आव पुष्कळ, नोंद शून्य. आणि हा दोष एकट्या माझा नाही. जुन्या गाण्यांवरच्या आपल्या लेखनाला ऊर भरून यायची सवय आहे, क्रमांक उतरवून घ्यायची नाही. भारतातल्या १८९९ ते १९०८ या काळातल्या पहिल्या ध्वनिमुद्रणांची सूची मायकेल किनियर या ऑस्ट्रेलियन संशोधकाने केली. ती १९९४मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढली. मुंबईत १९९०मध्ये सुरू झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'ने आपल्या अंकांतून हेच कष्टाचे काम केले. अशा कामाला आपण संग्राहकांचा छंद म्हणतो आणि समीक्षेच्या बाहेर बसवतो. माझे म्हणणे असे की, आज जालावर कायदेशीर रीतीने काही ऐकायचे असेल तर समीक्षेचे पहिले काम हेच आहे.

विचित्र योगायोग पाहा. १९०२च्या नोव्हेंबरमध्ये फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचे पहिले ध्वनिमुद्रण केले. त्या सुमाराच्या तबकड्यांमध्ये गाणे संपता संपता गायिका स्वतःचे नाव सांगते. हा काही केवळ डौल नव्हता. तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला छापल्या जात. तेथल्या कारागिरांना आपली भाषा येत नव्हती. कोणाचे गाणे ते कळावे म्हणून ओळख आवाजातच घालून पाठवत. म्हणजे गाण्याची नोंद गाण्यापासून सुटली तर घोटाळा होतो, हे तेव्हाच्या तंत्रज्ञांना कळत होते. आजच्या सेवांनी पुसलेली नोंद त्या बाईंनी स्वतःच्या तोंडाने उच्चारून ठेवली आहे.

साल शोधायच्या रीती आहेत आणि त्या शिकता येतात. मधल्या कागदावरचा विक्रीक्रमांक पाहावा. लाखेत उमटवलेला मूळ साच्याचा क्रमांक तिरप्या उजेडात वाचावा, कारण तो ध्वनिमुद्रणाच्या क्रमाने दिलेला असतो. ज्यांचे साल पक्के माहीत आहे, अशा दोन तबकड्यांच्या क्रमांकांमध्ये आपला क्रमांक बसतो का ते पाहावे. कागदाचा रंग आणि त्यावरचा पत्ताही काळ सांगतो. मात्र हे सगळे अंदाज घट्ट करतात, सिद्ध करत नाहीत. सिद्ध करते ती छापील जाहिरात. कंपन्या दरमहा नव्या तबकड्यांची पत्रके काढत आणि वृत्तपत्रांत, मासिकांत जाहिरात देत. 'या महिन्याच्या नव्या रेकॉर्ड्स' अशा मथळ्याखाली क्रमांकासह यादी सापडली की साल हातात आले. कायद्याला हवा असतो तो प्रसिद्धीचा दिनांक. जाहिरात नेमके तेच सांगते.

एक आक्षेप

हे सगळे ऐकून माझ्या एका गायक मित्राने विचारले, "कलाकाराच्या वारसाला काही मिळू नये म्हणून एवढी धडपड?" प्रश्न रास्त आहे. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनाचा हक्क बळकट केला, तो आवश्यकच होता. ज्यांचे शब्द आणि चाली अजून हक्काखाली आहेत, त्यांचे पैसे बुडवून ऐकण्याच्या मी विरुद्ध आहे. पण मुदत संपल्यावरही दावा चालू राहतो, तेव्हा मिळणारे पैसे वारसाकडे जातात असे मानायला आधार काय? माझ्या तबकडीवर दावा करणाऱ्याने त्या गायिकेचे नावही चुकीचे लिहिले होते. जिचे नाव धड माहीत नाही, तिच्या वारसांपर्यंत पैसे कसे पोहोचणार? चोख नोंदीचा फायदा दोघांनाही होतो. जिवंत हक्क असलेल्याला त्याचा वाटा मागता येतो आणि मुदत संपलेले गाणे सर्वांच्या वाट्याला येते. नोंद नसली की दोन्ही बुडते.

यादी

वाचनालयाची यादी शेवटी तीन रकान्यांची झाली. पहिला रकाना 'घरी ऐका' : जाहिराती सोसून ऐकायची अ‍ॅप आणि अधिकृत वाहिन्या. दुसरा 'रेडिओ' : 'रागम' आणि प्रसारभारतीचा संग्रह. तिसरा 'आपल्या दालनात' : तिन्ही कुलपे निघालेली ध्वनिमुद्रणे आणि सभासदांनी विकत घेतलेल्या सीडी. गीतरामायण तिसऱ्या रकान्यात आहे, पण सभासदाच्या सीडीच्या रूपाने. जालावर चढवायच्या यादीत ते नाही.

सत्र सुरू होऊन आता वर्ष होत आले. प्रत्येक गाण्याआधी एक कार्ड वाचले जाते : गायक, नाटक किंवा राग, गीतकार, संगीतकार, तबकडीचा क्रमांक, प्रसिद्धीचे साल, आणि ते साल कशावरून ठरवले. सुरुवातीला लोक कंटाळतील असे वाटले होते. आता कोणी उशिरा आले तर "कार्ड वाचलं का?" म्हणून विचारतात. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले आणि येथेच त्यांची कबर आहे. त्यांच्या तबकडीच्या वेळी तर कार्डावरच वादावादी झाली. एका श्रोत्याला आपल्या वडिलांनी ती तबकडी आणल्याचे वर्ष आठवत होते आणि ते आमच्या सालाच्या आधीचे होते. ते कार्ड आम्ही मागे घेतले आहे.

माझ्या त्या जुन्या तबकडीचे साल मला याच वाचनालयात सापडले. एका मासिकाच्या बांधीव खंडात, मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला, क्रमांकासह जाहिरात होती. ती टिकली हा योगायोग. त्याच मासिकाच्या पुढच्या सहा वर्षांच्या खंडांत एकही जाहिरात नाही. पुठ्ठाबांधणी करताना जाहिरातींची पाने आणि मुखपृष्ठे काढून टाकायची रीत होती. जागा वाचे, खर्च वाचे.

तिसऱ्या रकान्यातल्या पाच तबकड्यांपुढे सालाची जागा अजून रिकामी आहे. गुरुजींच्या सांगण्यावरून त्या आम्ही वाजवलेल्या नाहीत. या अंकाच्या वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर स्वातंत्र्यापूर्वीची मासिके असतील, तर ती रद्दीत घालण्यापूर्वी निदान मलपृष्ठे पाहावीत. आणि बांधणीला द्यायची असतील, तर जाहिरातींची पाने फाडू नका असे बांधणाऱ्याला सांगावे.